अंडी नसलेल्या अकरा

“फॉर्मॅलिन नाही म्हणजे नाही,” स्टोअरकीपर पेडणेकर म्हणाले, “आणि अल्कोहोलचं तर नावही काढू नका. त्याची किल्ली मोठ्या साहेबांकडे असते आणि साहेब पुण्याला गेलेत.”

मी त्यांच्याशी चांगली पंधरा मिनिटं भांडले. मी मूळची अकोल्याची. आमच्याकडे भांडण काढलं की ते तडीला नेल्याशिवाय कुणी उठत नाही, पण पेडणेकर कोकणातले. ते भांडतच नव्हते. माझं बोलून झालं की सुपारी कातरत तेच वाक्य पुन्हा म्हणायचे. शेवटी मागणीचा कागद भरून मी रिकामी बरणी घेऊन परत आले. नवं फॉर्मॅलिन यायला वीसेक दिवस लागणार होते. आमच्या हातात होते चोवीस.

ही १९८७ सालच्या डिसेंबरमधली गोष्ट. मालवणच्या दक्षिणेला एका खाडीच्या तोंडाशी समुद्री जीवांच्या अभ्यासाचं एक लहानसं केंद्र होतं. चार खोल्या, एक मोडकी जेट्टी आणि मागे कर्मचाऱ्यांची घरं. तिथे मी डॉ. वालावलकरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. सर एप्रिलमध्ये निवृत्त होणार होते आणि त्यांची मी शेवटची विद्यार्थिनी.

आमचं काम काय, हे मला घरी कधी धड सांगता आलं नाही. समुद्रात दगडांना, जेट्टीच्या खांबांना बोटभर लांबीच्या मऊ पिशव्या चिकटलेल्या असतात. शास्त्रात त्यांना ॲसिडियन म्हणतात, आम्ही आपल्या पिशव्याच म्हणायचो. वरच्या बाजूला दोन तोंडं. एकातून पाणी आत घ्यायचं, दुसऱ्यातून बाहेर टाकायचं, कुणी हात लावला तर पिचकारी उडवायची, एवढाच त्यांचा संसार. पण या पिशवीच्या आत एक भाडेकरू राहतो. कोपेपॉड नावाचा, कोळंबीच्या लांबच्या नात्यातला, तिळाएवढा जीव. पिशवी पाण्यातून जे गाळून खाते त्यातलंच थोडं तो खातो आणि तिच्या भरवशावर राहतो. आमचं काम म्हणजे पिशवी कातरायची, भाडेकरू बाहेर काढायचा आणि तो कोण हे ठरवायचं. आई म्हणाली होती, एवढं शिकून शेवटी किड्यांची नावंच पाठ करायची होय? ती म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं.

सरांनी १९५८ साली याच खाडीतल्या पिशव्यांमधून एक नवी जात शोधली होती. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, आणि जातीला त्यांनी बायकोचं नाव दिलं. लॅटिनच्या नियमाने यमुनाचं ‘यमुने’ झालं होतं. वाचताना कुणाला तरी हाक मारल्यासारखं वाटायचं. पुढे तीस वर्षं सरांनी माशांवर, कोळंबीवर, खाडीच्या पाण्यावर ढिगाने अहवाल लिहिले. ते सरकारी कपाटात गेले. जगात कुठेही उघडून बघावं आणि आपलं नाव सापडावं असं त्यांच्या खात्यावर हे एकच होतं. त्या निबंधातल्या चित्रांखाली बारीक अक्षरात ‘य. वा.’ असं होतं, कारण चित्रं काकूंनी काढली होती. नंतरच्या सगळ्या निबंधांची चित्रं मात्र केंद्राच्या चित्रकाराची. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

आणि त्या वर्षी जूनमध्ये हॉलंडहून पत्र आलं. तिथले एक तज्ज्ञ जगभरच्या असल्या कोपेपॉडांवर मोठा ग्रंथ लिहीत होते. पत्र फार सभ्य होतं. तुमच्या जातीची अंडी असलेली मादी आजवर कुणी पाहिलेली नाही, चित्रावरून मला ती पूर्ण वाढलेली वाटत नाही, तुमचे मूळ नमुनेही बुरशीने गेले असं तुम्हीच कळवलं आहे. तेव्हा दहा जानेवारीपर्यंत एक अंडीवाली मादी पाठवू शकलात तर जात कायम ठेवतो, नाहीतर संशयित म्हणून नोंदवावी लागेल. सरांनी ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी ते ‘संशयित’ या शब्दाशी थांबले आणि चष्मा पुसत बसले.

तेव्हापासून मी पिशव्या कातरत होते. सातशेच्या वर कातरल्या. त्यांत एक साधी, सगळीकडे सापडणारी जात हवी तेवढी मिळायची. नव्वद वर्षांपूर्वी कुणा युरोपियनाने तिला नाव देऊन ठेवलेलं होतं, आम्ही तिला नुसतं ‘नेहमीची’ म्हणायचो. तिच्या पाठीवर अंड्यांची झोळी असते, आणि झोळीत हिरवी अंडी. सरांची जात तशीच दिसायची पण थोडी लहान, शेपटीला एक कांडं कमी, शेवटचा पाय आखूड आणि पाठीवर झोळी नाही. झोळी अंडी धरायच्या वेळी येत असणार, असं सरांचं म्हणणं. सातशे पिशव्यांत मला सरांच्या अकरा सापडल्या होत्या. अकराही माद्या. अकराही अंड्यांशिवाय.

रोज संध्याकाळी सर दारात येऊन विचारायचे, “आज?”

“एक मिळाली, सर.”

“अंडी?”

मी नाही म्हणून मान हलवायचे. मग ते जेट्टीकडे फिरायला जायचे.

सरांचा एक नियम होता आणि तो त्यांच्या गुरूंकडून आलेला होता. पिशवी पाण्यातून वर आली की ती तशीच फॉर्मॅलिनमध्ये टाकायची. आधी मारायचं, मग बघायचं. जिवंत प्राणी हलतो, आणि हलणाऱ्याचं चित्र येत नाही. या नियमाने जगभरच्या प्रयोगशाळा चालतात, आमचीही चालत होती. त्यामुळे तोवर मी पाहिलेला प्रत्येक कोपेपॉड पांढरा पडलेला, आखडलेला आणि मेलेला होता. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं.

फॉर्मॅलिन संपल्याचं सांगितलं तेव्हा सर म्हणाले, थांबू या. मी म्हटलं, थांबलो तर दहा जानेवारी निघून जाईल, मी जिवंतच बघते. सरांच्या दृष्टीने मी कणीक न मळता पोळ्या लाटायला निघाले होते. पण दुसरा मार्ग त्यांच्याकडेही नव्हता.

पिशव्या आणून द्यायचं काम भागीमावशीचं. ती ओहोटीला खडकांवरची कालवं फोडायला जायची आणि येताना आमच्यासाठी जेट्टीचे खांब खरवडायची. आजवर ती पिशव्या गोणपाटात गुंडाळून आणायची, त्या दिवशी मी तिला पाण्यातच आणायला सांगितलं. दुसऱ्या सकाळी ती डोक्यावर पातेलं घेऊन आली.

“तुमचा ता हाडलंय गो बाय,” ती म्हणाली. गावात या जिवाला नाव नव्हतं, भागीमावशी ‘तुमचा ता’ म्हणायची. “पाण्यासकट. जिता असा.” मग पातेल्यात वाकून तिने मला विचारलं, “ह्या खावचा नाय, इकुचा नाय, मगे येवढा कित्याक बघतंस?”

मी काहीतरी उत्तर दिलं असेल. जे खायचं नाही, विकायचं नाही, ते एवढं कशाला बघायचं, हे खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं.

ते मला त्याच सकाळी कळलं. मी एक पिशवी काचेच्या बशीत समुद्राच्या पाण्यात ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. फॉर्मॅलिनमध्ये ती चामड्यासारखी होते; जिवंतपणी ती जवळपास काचेची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आतलं सगळं दिसत होतं. जाळी, जाळीच्या हजारो भोकांभोवती लवलवणारे केस, आणि खाली एक नळी, जी फडफडत होती. ते तिचं हृदय. रक्त एका दिशेने ढकलत होतं. मी ठोके मोजायला लागले आणि साधारण शंभरावर ते थांबलं. मेली बिचारी, असं वाटेपर्यंत ते पुन्हा सुरू झालं, पण उलट्या दिशेने. ज्या नळीतून रक्त जात होतं तिच्यातूनच परत यायला लागलं. असं होतं हे मी पुस्तकात वाचलेलं होतं आणि परीक्षेत लिहून दोन मार्कही मिळवले होते. पण तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, तो खरा.

आणि त्या जाळीच्या आत, ज्याला मी सातशे वेळा मेलेला पाहिलं होतं, तो भाडेकरू चालत होता. एकच डोळा, तोही लालबुंद. पाय लयीत हलत होते. पाण्याची धार आली की तो जाळीला धरून राहायचा, धार ओसरली की पुढे सरकायचा. पाठीवर हिरव्या अंड्यांनी भरलेली झोळी घेऊन ती ‘नेहमीची’ मादी त्या काचेच्या घरातून फिरत होती. दुपारचं जेवण घेऊन काकू आल्या तोवर मी जागची हलले नव्हते.

काकूंचं घर मागेच होतं. रोज एक वाजता त्या सरांचा आणि माझा डबा घेऊन यायच्या. मी मेसमध्ये जेवते हे त्यांना पहिल्याच आठवड्यात नापसंत पडलं होतं. ठेंगण्या, तुरतुरीत, आणि बोलण्यात तिरकस. आमच्या खोलीत त्या कधी कशाला हात लावायच्या नाहीत. डबा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायचा, सर जेवेपर्यंत खिडकीशी बसायचं आणि रिकामा डबा घेऊन जायचं. त्या दिवशी माझं तोंड बघून म्हणाल्या, “काय, देव दिसला की काय?” मी म्हटलं, बघा ना काकू. त्या म्हणाल्या, “नको. ते तुमचं तुम्ही बघा.”

तिसऱ्या दिवशी मला सरांची जात मिळाली. जिवंत, बारावी. मी ठरवलं, हिला मारायचं नाही. वेगळ्या बशीत ठेवायची, दिवसातून दोनदा पाणी बदलायचं आणि अंडी धरते का बघायचं. सरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. “हे सुचलं नाही मला,” ते म्हणाले. “तीस वर्षांत हे कसं सुचलं नाही?”

दोन दिवसांनी सकाळी बशी पाहिली तर तिच्यात दोन गोष्टी होत्या. एक रिकामं, पारदर्शक कातडं, आणि एक धडधाकट ‘नेहमीची’.

आधी मी स्वतःलाच शिव्या घातल्या. पाणी बदलताना दुसरी पडली असणार, वेंधळी कुठली. मग मी ते कातडं काचपट्टीवर घेतलं आणि नीट लावून बघितलं. शेपटीला एक कांडं कमी. शेवटचा पाय आखूड. पाठीवर झोळी नाही. कातडं सरांच्या जातीचं होतं, आणि त्यातून जी बाहेर आली होती ती ‘नेहमीची’ होती. सरांची जात ही वेगळी जात नव्हतीच. ते ‘नेहमीची’चं पोर होतं, वयात यायच्या एक पायरी आधीचं. अंडी कुठून सापडणार? सातशे काय, सात हजार पिशव्या कातरल्या असत्या तरी सापडली नसती. जीव वर आला की लगेच मारायचा या आमच्या नियमाने त्याला पुढची पायरी चढायची संधीच कधी मिळाली नव्हती.

मी काय केलं, ते सांगायला आजही लाज वाटते. मी ते कातडं बेसिनमध्ये धुऊन टाकलं. संध्याकाळी सरांनी विचारलं, “आपली कशी आहे?” मी म्हटलं, “मेली, सर.”

एवढी भांडखोर मी, पण त्या माणसापुढे माझी जीभ उचलेना. एकावरून काही सिद्ध होत नाही, असं मी मनाला समजावलं. पुढच्या तीन-चार दिवसांत आणखी दोन मिळाल्या. दोघींनीही तेच केलं. आता तीन झाल्या होत्या. शास्त्र म्हणून जे काही मी शिकले होते ते सांगत होतं की जा आणि बोल. आणि मला दिसत होतं ते एवढंच, की निवृत्तीला चार महिने उरलेत आणि या माणसाकडे आहे ती एकच गोष्ट मी काढून घेणार आहे. ‘संशयित’ असं छापून आलं असतं तरी ते बरं होतं. संशयाला निदान आशा असते. पुढची मिळेल ती गुपचूप खाडीत सोडून द्यायची आणि हात वर करायचे, असंही मी ठरवून टाकलं होतं.

ती अठ्ठावीस तारखेला मिळाली. सोडायला म्हणून मी बशी उचलली, आणि शेवटचं एकदा बघावं म्हणून भिंगाखाली धरली. ती स्थिर होती. तिच्या सगळ्या अंगाभोवती कडेची रेघ दुहेरी दिसत होती, बाहेरची एक आणि तिच्या आत, केसभर अंतर सोडून, दुसरी. आतल्या पायांवर नवे केस घडी घालून ठेवलेले होते. मी घड्याळ पाहिलं. पाऊण वाजला होता. आधीच्या तिन्ही वेळा मला सकाळी रिकामं कातडं सापडलं होतं. होताना मी एकदाही पाहिलं नव्हतं. हिची आता वेळ भरली होती.

सर शेजारच्या खोलीत टाइपरायटरवर काहीतरी बडवत होते. मला आठवतं, मी बशी हातात घेऊन दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. सोडून दिली असती तर सरांचं नाव राहिलं असतं. पण मग हे त्यांना कधीच दिसणार नव्हतं. आयुष्यभर हा जीव बघितलेल्या माणसाला हा जीव कधीच दिसणार नव्हता. ते काही मला सोसवेना.

“सर,” मी म्हटलं, “लवकर या.”

सर बसले, एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावला. मी काहीच सांगितलं नाही. दोन मिनिटं गेली असतील. पाठीवर डोक्याच्या मागे कातडं उकललं ते मला दिसलं नाही, सरांच्या मानेवरून कळलं. ते एकदम ताठ झाले. मग त्यांचा हात हळूहळू स्क्रूवर फिरायला लागला. काकू डबा घेऊन आल्या, त्यांनी तो कोपऱ्यावर ठेवला आणि आमच्याकडे बघत खिडकीशी उभ्या राहिल्या.

“डोकं बाहेर आलं,” सर पुटपुटले. “पाय काढतेय. सगळे पाय एकदम.” मग, “गावंडे, पाठीवर झोळी आहे हिच्या. चुरगळलेली आहे, पण झोळीच आहे.”

“हो, सर.”

“ही ‘नेहमीची’ आहे.”

“हो.”

“आणि ही ज्यातून निघतेय, ती माझी.”

मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. शर्टच्या कॉलरवरची शिवण उसवली होती. आता ते उठतील, चष्मा शोधतील, जेट्टीकडे चालायला लागतील, असं मला वाटत होतं. सर उठले नाहीत. डोळा भिंगालाच होता. त्यांनी श्वास सोडला आणि ते म्हणाले, “काय सुंदर आहे हे.”

आणि मग, तोंड न वळवता: “यमुने, इकडे ये. हे बघ आधी.”

सर काकूंना नावाने हाक मारताना मी पहिल्यांदाच ऐकलं. एरवी ते ‘अगं’च्या पुढे जात नसत. काकूही चपापल्या. “भात निवतोय,” त्या म्हणाल्या.

“निवू दे.”

काकू आल्या. सरांनी स्टूल सोडलं. त्या पदर खोचून बसल्या आणि भिंगावर वाकल्या, आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली. नवीन माणूस सूक्ष्मदर्शकात बघताना दुसरा डोळा घट्ट मिटतो. सरही मिटायचे. काकूंचे दोन्ही डोळे उघडे होते. एक भिंगात, दुसरा टेबलावर उजवीकडे, जिथे चित्र काढणारा कागद ठेवतो तिथे.

“ही रेघ,” काकू म्हणाल्या.

“कुठली?”

“शेपटीकडची. तिथे अजून ती आतच आहे. बाहेरची एक, आतली एक.” भिंगावरून डोळा न उचलता त्या म्हणाल्या, “ही मी काढली होती.”

सरांनी टेबलावरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला.

“मला ताप होता तेव्हा. तुम्ही म्हणालात, तुझा हात हललाय, एकेरी कर. मी म्हटलं, मला दोनच दिसतायत. तुम्ही म्हणालात, दोन असूच शकत नाहीत.” काकूंचा आवाज आमटीत मीठ कमी आहे हे सांगण्याइतका साधा होता. “मग मी आतली खोडली. सगळ्या अंगाभोवतीची. कागद विरला होता तिथे.”

“आठवतंय,” सर म्हणाले.

“पुढच्या वेळी तुम्ही कागद आणलात तेव्हा मला भीती वाटायला लागली होती. आपल्याला दिसतं ते खरं की नाही, काही कळेना. मग मी पेन्सिल ठेवूनच दिली.”

इतके महिने मी त्यांच्या हातचं जेवत होते आणि त्या आमच्या टेबलाला हात का लावत नाहीत, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. सर भिंतीला टेकून उभे होते. साठीला आलेला माणूस एका क्षणात किती ओशाळलेला दिसू शकतो, ते मी तेव्हा पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, पण काकूंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“निघाली,” त्या म्हणाल्या. “शेपटी सोडवली. थांबलीय आता. अहो, हिचा डोळा किती लाल आहे. तुम्ही दिलेल्या मेलेल्यांना डोळाच नसायचा.”

मग आम्ही तिघं आळीपाळीने बघत राहिलो. ती बशीच्या तळाशी पडून होती, नव्या अंगाने, नुसती धडधडत. पाठीवरची झोळी पाणी घेऊन फुगत होती. शेजारी तिचं आधीचं रूप जसंच्या तसं उभं होतं, केस न् केस जागेवर, पण रिकामं. सर ते कातडं बघायचे, मग तिला बघायचे, मग पुन्हा कातडं. माझी पाळी आली तेव्हा माझे डोळे भरून आले होते आणि मला नीट दिसलंच नाही.

“तुम्हाला कधी कळलं, गावंडे?” सरांनी विचारलं.

“सहा दिवस झाले. ही चौथी.” मी खरं तेच सांगितलं, कातडं धुऊन टाकल्याचंही. “मला वाटलं, तुमची जात जाईल.”

“ती गेलीच.” सर माझ्यावर चिडलेले मी तेवढे एकदाच पाहिले. “पण अहो, चार वेळा झालं आणि तीन वेळा तुम्ही मला हाक मारली नाहीत? एकोणतीस वर्षं मी यांची पिशवीतून प्रेतं काढतोय. हे होत असतं तेव्हा मी शेजारच्या खोलीत बसलेला असतो, आणि तुम्ही मला नावाची काळजी सांगता?”

मी खाली बघितलं.

“नावाचं एवढं काय,” काकू स्टुलावरून म्हणाल्या. “पोर मोठं झालं, दुसऱ्याचं नाव लावलं. मुलींचं होतंच की तसं. माहेरी मी तरी कुठे यमुना होते?”

सर हसले. मला वाटतं, रडण्याच्या अगदी जवळ येऊन हसले. त्यांनी माझ्या टेबलावरची पेन्सिल आणि कोरा कागद काकूंच्या उजवीकडे सरकवला. काकूंनी पेन्सिल बोटांत धरून पाहिली, कागदावर एक रेघ ओढली, ती वाकडी गेली.

“आता डोळे नाहीत तसे,” त्या माझ्याकडे पेन्सिल सरकवत म्हणाल्या. “हातही नाही. हिलाच काढू दे. तुम्ही जेवून घ्या.”

कुणाला भूक नव्हती, पण त्या दिवशी आम्ही तिघं एकाच टेबलाशी जेवलो. निवलेला भात आणि कुळथाची पिठी. बशी मधोमध ठेवलेली. सर घास घेता घेता उठायचे, भिंगात बघून यायचे आणि आम्हाला खबर द्यायचे. शेवटी काकूंनी त्यांना लहान मुलासारखं दटावून बसवलं.

चार वाजता सर हॉलंडचं पत्र लिहायला बसले. टाइपरायटर बाजूला ठेवून त्यांनी हाताने लिहिलं. मजकूर जेमतेम दहा ओळींचा होता. माझी १९५८ सालची जात ही स्वतंत्र जात नाही; ती सर्वत्र आढळणाऱ्या जातीच्या मादीची शेवटची कात टाकण्याआधीची अवस्था आहे; हे कुमारी रजनी गावंडे यांनी जिवंत प्राण्यांवर चार वेळा पाहिलं असून त्यांचा निबंध पुढे पाठवत आहे; कृपया माझं नाव काढून टाकावं. नंतर एक ओळ जागा सोडून: मूळ चित्रकर्तीने आतली रेघ १९५८ सालीच काढली होती. लेखकाने ती पाहिली नाही.

सही करण्याआधी त्यांनी कागद काकूंपुढे धरला. काकू जुन्या मॅट्रिक, त्यांचं इंग्रजी चांगलं होतं. त्यांनी ओळींखालून बोट फिरवत सगळं पत्र वाचलं, शेवटच्या वाक्याशी बोट थांबलं.

“हे खोटं आहे,” त्या म्हणाल्या. “पाहिली होती तुम्ही. माझं ऐकलं नाहीत, असं लिहा.”

सरांनी ती ओळ खोडली आणि तसं लिहिलं.